विश्वासाचा पत्ता : बिटकॉइनच्या मूळ निबंधाचे परीक्षण

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने एक नऊ पानी निबंध इंटरनेटवर प्रसिद्ध झाला. दोन व्यक्तींना मध्ये कोणतीही बँक न घेता इंटरनेटवरून एकमेकांना पैसे कसे देता येतील, हा त्याचा विषय. निबंधात आठच संदर्भ आहेत, थोडे गणित आहे, आणि 'क्रिप्टोकरन्सी' हा शब्द कोठेही नाही. पुढे याच निबंधातून बिटकॉइन जन्माला आले आणि त्याच्यामागून हजारो चलने आली. बिटकॉइनचा आजचा भाव सांगणारे पुष्कळ भेटतात. हा निबंध वाचलेले थोडे. कोणताही शास्त्रीय निबंध वाचताना आपण तीन प्रश्न विचारतो : दावा काय आहे, सिद्ध काय झाले आहे आणि काय गृहीत धरले आहे. याच तीन प्रश्नांनी आम्ही येथे हा निबंध तपासणार आहोत.

घाटनांदूरसारख्या गावातल्या शिक्षकाला हा उद्योग दूरचा वाटण्याचा संभव आहे. पण निबंधाचा खरा विषय 'विश्वास' हा आहे, आणि पैशाच्या बाबतीत विश्वासाची किंमत काय असते हे बीड जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेट पतसंस्थेतील लाखो ठेवीदारांचे पैसे अडकले. १२ ते १४ टक्के व्याजाचे आमिष दाखवून ठेवी गोळा केल्या आणि त्या अन्यत्र वळवल्या, असा सक्तवसुली संचालनालयाचा म्हणजे ईडीचा आरोप आहे. २०२४ मध्ये या प्रकरणात अटकाही झाल्या. असा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाला कोणी सांगितले, की 'आता अशी व्यवस्था आली आहे जिच्यात कोणावरही विश्वास ठेवावा लागत नाही', तर त्याचे कान टवकारणारच. नाकामोतोचा रोखही काहीसा असाच होता. ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनच्या खतावणीचे पहिले पान तयार झाले. त्यात लंडनच्या 'टाइम्स' दैनिकाच्या त्या दिवशीच्या एका बातमीचा मथळा गोवलेला आहे, आणि ती बातमी अडचणीतील बँकांना सरकारने पुन्हा मदत देण्याविषयीची होती.

निबंधाने सोडवलेला प्रश्न

शंभराची नोट आपण दुकानदाराला दिली की ती आपल्याजवळ राहत नाही. संगणकातील फाइलचे तसे नाही. ती दुसऱ्याला पाठवल्यावरही आपल्याकडे असतेच. मग संगणकातील नाणे एकच माणूस दोन ठिकाणी खर्च करणार नाही कशावरून? बँक हा प्रश्न स्वतःच्या खतावणीने सोडवते. एकाच्या खात्यातून रक्कम वजा होते, दुसऱ्याच्या खात्यात जमा होते, आणि ती खतावणी बँक सांभाळते. नाकामोतोने सुचवले, की ही खतावणी सर्वांसाठी उघडी ठेवावी, तिच्या हजारो प्रती ठिकठिकाणी असाव्यात, आणि मागच्या पानावर खाडाखोड झाली तर ती तत्काळ कळावी.

खाडाखोड कशी कळते, हे वर्गात फळ्यावर करून पाहता येते. वहीच्या प्रत्येक पानावर काही रकमा आहेत असे समजू. पानावरील रकमांच्या बेरजेत मागील पानाचा 'ठसा' मिळवायचा, आलेल्या संख्येला ७ ने गुणायचे, ९७ ने भागायचे, आणि उरलेली बाकी हा त्या पानाचा ठसा धरायचा. पहिल्या पानावर १२, ५ आणि २० या रकमा आहेत. बेरीज ३७, गुणाकार २५९, बाकी ६५. दुसऱ्या पानावर ८ आणि १५ आहेत. २३ आणि ६५ मिळून ८८, गुणाकार ६१६, बाकी ३४. तिसऱ्या पानावर फक्त ४० आहेत. त्यात ३४ मिळवले की ७४, गुणाकार ५१८, बाकी ३३. आता कोणी पहिल्या पानावर हळूच १२ चे २१ केले, तर ठसे अनुक्रमे ३१, ८७ आणि १६ असे येतात. फेरफार पहिल्या पानावर झाला, पण पुढचे प्रत्येक पान तो बोलून दाखवते. यालाच ब्लॉकचेन म्हणतात. ब्लॉक म्हणजे नोंदींचे एक पान, आणि चेन म्हणजे ठशांनी एकमेकांत अडकवलेल्या पानांची साखळी.

आपली पद्धत अर्थातच कच्ची आहे. १२ आणि २० यांची अदलाबदल केली तर बेरीज तीच राहते, आणि फसवणूक पकडली जात नाही. अशा आणखी पळवाटा हुशार मुले लगेच शोधून देतील. प्रत्यक्षात वापरल्या जाणाऱ्या ठशाला 'हॅश' म्हणतात. बिटकॉइनमधील हॅश २५६ बिटांचा असतो, आणि मजकुरातील एक अक्षर बदलले तरी तो ओळखू न येण्याइतका बदलतो.

परंतु सगळीच पाने नव्याने लिहून काढली तर? त्यासाठी निबंधात कष्टाची अट आहे. पानाच्या शेवटी एक अशी संख्या लिहायची, की त्यामुळे पानाचा ठसा ठरावीक मर्यादेपेक्षा लहान यावा, म्हणजे त्याच्या सुरुवातीला पुष्कळ शून्ये यावीत. अशी संख्या शोधण्याला सूत्र नाही. एकामागून एक संख्या घालून पाहत राहावे लागते. यालाच 'मायनिंग' म्हणतात. साऱ्या जगातील यंत्रांनी मिळून सरासरी दर दहा मिनिटांनी एक पान पुरे व्हावे, अशा बेताने ही मर्यादा दर २,०१६ पानांनंतर बदलते. कोणाला खोटी साखळी तयार करायची असेल, तर बाकी सर्वांच्या कष्टांना मागे टाकावे लागेल. लबाडाकडे एकूण संगणकशक्तीचा दहावा हिस्सा असेल आणि आपल्या नोंदीवर पाच पाने चढली असतील, तर तो यशस्वी होण्याची शक्यता हजारात एकाहून कमी आहे, असे गणित निबंधात मांडले आहे. आकडेमोड सोपी आणि निर्दोष आहे.

नव्या पानाबद्दल मायनिंग करणाऱ्याला काही नवी नाणी मिळतात. सुरुवातीला दर पानामागे ५० नाणी मिळत. दर २,१०,००० पानांनंतर हा आकडा निम्मा होतो. एप्रिल २०२४ पासून तो ३.१२५ आहे. दहावीच्या विद्यार्थ्यांनी ५० + २५ + १२.५ + … ही बेरीज करावी. ती १०० कडे जाते, आणि २,१०,००० गुणिले १०० म्हणजे २ कोटी १० लाख. बिटकॉइनची कमाल संख्या ती हीच. ही संख्या निबंधात नाही, नंतरच्या आज्ञावलीत आहे.

एवढ्यापुरते पाहिले तर निबंध उत्तम आहे. एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांनी, कोणीही प्रमुख नसताना, एकच खतावणी एकमताने कशी सांभाळावी, या कठीण प्रश्नाचे त्याने चालणारे उत्तर दिले. ती खतावणी २००९ पासून चालू आहे, आणि तिच्यातील जुनी नोंद बदलून कोणी नाणी लाटली असे आजवर घडलेले नाही. टीका करताना हे श्रेय आधी दिले पाहिजे.

गृहीत धरलेल्या गोष्टी

निबंधाचे पहिले गृहीत म्हणजे प्रत्येक संगणकाला एक मत. सामान्य माणसे घरच्या संगणकावर मायनिंग करतील आणि सत्ता वाटलेली राहील, ही कल्पना. घडले ते उलट. याच एका कामासाठी खास यंत्रे निघाली, त्यांची मोठमोठी गोदामे उभी राहिली, आणि मायनिंग करणाऱ्यांचे गट बनले. २०१४ च्या जून महिन्यात अशा एकाच गटाकडे जगातील निम्म्याच्या आसपास शक्ती एकवटली होती.

दुसरी बाब विजेची. निबंधात वीज खर्च होते एवढा उल्लेख आहे. किती, हे नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या २०२५ च्या अंदाजानुसार बिटकॉइनसाठी वर्षाला सुमारे १३,८०० कोटी युनिट वीज लागते. हा आकडा मोठा म्हणजे किती, हे समजण्यासाठी घाटनांदूरपासून जवळच असलेल्या परळीचे उदाहरण घेऊ. परळी औष्णिक केंद्रातील २५० मेगावॉटचे तीन नवे संच वर्षभर एक क्षणही न थांबता पूर्ण क्षमतेने चालले, तर ७५० मेगावॉट गुणिले ८,७६० तास, म्हणजे ६५७ कोटी युनिट वीज मिळेल. बिटकॉइनला अशी २१ परळी केंद्रे लागतील. आणि आपले परळी केंद्र तर २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते.

या विजेच्या मोबदल्यात काम किती होते? बिटकॉइनची खतावणी सेकंदाला सुमारे सात व्यवहारांपलीकडे जात नाही. दिवसाला ५ लाख व्यवहार धरले तर दर व्यवहारामागे सुमारे ७५६ युनिट पडतात. महिन्याला १०० युनिट जाळणाऱ्या घराची ही साडेसात महिन्यांची वीज आहे. ही वीज व्यवहार लिहिण्यासाठी खर्च होत नाही, खतावणीच्या राखणीसाठी होते; व्यवहार निम्मे झाले तरी ती तेवढीच लागेल, हेही येथे सांगायला हवे. तुलनेसाठी, ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या यूपीआयवर २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले, म्हणजे सेकंदाला सुमारे साडेसात हजार. चहाच्या टपरीवरचे दहा रुपये तेथे सहज चुकते होतात. छोट्या रकमांचे व्यवहार स्वस्त व्हावेत हा नाकामोतोचा एक हेतू होता. तो आपल्याकडे पुरा झाला, पण बँकांच्याच मार्फत.

विजेच्या दोषावर उपाय निघालेला आहे. इथेरियम या दुसऱ्या मोठ्या चलनाने १५ सप्टेंबर २०२२ रोजी मायनिंग सोडून दिले. आता तेथे नाणी तारण ठेवणारे लोक पाने तपासतात, आणि विजेचा खर्च ९९ टक्क्यांहून अधिक घटला. मात्र ज्याच्याकडे नाणी जास्त त्याचा शब्द जास्त, हा नवा प्रश्न त्यातून आला.

तिसरे गृहीत असे, की याला लोक पैसा म्हणून वापरतील. पैसा हे मोजमापही आहे. मीटरपट्टी रोज लहानमोठी होऊ लागली तर कापडाचा धंदा होणार नाही. बिटकॉइनचा भाव नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ६९,००० डॉलर होता, वर्षभरात तो १६,००० च्या खाली गेला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये १,२६,००० वर चढला. अशा नाण्यात शिक्षकाचा पगार ठरवता येत नाही आणि दुकानाचे भाडेही ठरवता येत नाही. एल साल्वादोर या देशाने सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनला कायदेशीर चलन केले. जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलून ते स्वीकारण्याची सक्ती काढावी लागली.

दारावरचा विश्वास

आमच्या मते सर्वांत मोठी उणीव चौथी आहे, आणि तिचा पुरावा महाराष्ट्रातच मिळतो. 'गेनबिटकॉइन' या योजनेचा मोठा तपास पुण्यात झाला. लोकांनी आपली बिटकॉइन नाणी द्यावीत, मायनिंगच्या उत्पन्नातून त्यांना अठरा महिने दरमहा दहा टक्के मिळतील, असे आश्वासन होते. नंतर परतावा बिटकॉइनऐवजी योजनेच्याच एका कमी किमतीच्या नाण्यात दिला जाऊ लागला. एकट्या २०१७ मध्ये ६,६०० कोटी रुपयांची बिटकॉइन गोळा झाली असे ईडीचे म्हणणे आहे. प्रमुख आरोपीला २०१८ मध्ये अटक झाली. २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला, आणि तपास पुढे सीबीआयकडे गेला.

येथे एक साधे गणित कोणालाही करता आले असते. त्या काळात दर पानामागे १२.५ नाणी मिळत. दिवसाला १४४ पाने, म्हणजे १,८०० नाणी, आणि महिन्याला ५४,०००, तीही साऱ्या जगात मिळून. कोणी ५ लाख नाणी दहा टक्क्यांच्या बोलीवर घेतली, तर त्याला दरमहा ५०,००० नाणी परत द्यावी लागतील. जगातील जवळजवळ प्रत्येक नवे नाणे त्याच्याच गोदामातून निघायला हवे!

या प्रकरणाला आणखी एक फाटा फुटला. तपासात मदत करण्यासाठी घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच पुणे पोलिसांनी मार्च २०२२ मध्ये अटक केली. आरोपींच्या खात्यांतील काही नाणी त्यांनी परस्पर वळवली, असा आरोप आहे. खतावणी सर्वांसाठी उघडी होती आणि प्रत्येक हस्तांतराची नोंद तिच्यात होती. परंतु खतावणीला फक्त गुप्त किल्ली कळते. ती किल्ली मालकाच्या हाती आहे, पोलिसांच्या की चोराच्या, हे तिला कळत नाही.

मुंबईच्या वझीरएक्स या क्रिप्टो बाजाराचे उदाहरण याच जातीचे आहे. १८ जुलै २०२४ रोजी तेथून सुमारे २३ कोटी डॉलर किमतीची नाणी चोरीला गेली. ज्यांची नाणी गेली त्यांच्यापैकी बहुतेकांनी स्वतःची किल्ली स्वतःकडे ठेवली नव्हती. ती सांभाळायला बाजाराकडे दिली होती. म्हणजे मधला माणूस परत आलाच. फरक एवढाच, की बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण असते. येथे तेही नाही. भारतात २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. कर घेतला जातो म्हणजे सरकारने हमी दिली, असा समज करून घेऊ नये.

या दोन्ही प्रकरणांत निबंधातील गणिताला धक्का लागलेला नाही, ही गोष्ट नीट लक्षात घ्यावी. कोणीही हॅश फोडला नाही, साखळी उलटवली नाही. माणसे फसली ती साखळीच्या दारावर, जेथे रुपयाचे नाणे होते आणि नाण्याचे रुपये होतात. विश्वासाची गरज संपली असे निबंध म्हणतो. प्रत्यक्षात विश्वासाचा पत्ता तेवढा बदलला.

नाण्याशिवाय साखळी

मग या शोधातून पुढे काय उरेल? निबंधाच्या संदर्भयादीतच याचे उत्तर आहे. आठांपैकी तीन संदर्भ स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांच्या कामाचे आहेत. अमुक दस्तऐवज अमुक दिवशी अस्तित्वात होता आणि नंतर बदललेला नाही, हे कसे सिद्ध करावे, यावर या दोघांनी १९९१ मध्ये लिहिले. त्यांच्या कंपनीने १९९५ पासून दर आठवड्याला साऱ्या नोंदींचा मिळून एक ठसा 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. वर्तमानपत्राच्या लाखो प्रती घरोघर गेल्यावर तो ठसा कोण बदलणार? येथे साखळी आहे, परंतु नाणे नाही, मायनिंग नाही आणि भावाची चढउतारही नाही.

महाराष्ट्रातही असा प्रयोग झाला आहे. २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे सुमारे ६५,००० जात प्रमाणपत्रांची नोंद ब्लॉकचेनवर करण्याचे काम हाती घेण्यात आले. प्रमाणपत्रावरील खूण मोबाइलने वाचली की ते कार्यालयातूनच निघाले आहे की बनावट आहे, हे कळावे, असा हेतू. दुर्गम तालुक्यातील विद्यार्थ्याला प्रवेशाच्या वेळी याचा उपयोग होऊ शकतो. क्रिप्टोच्या तंत्राचे भवितव्य आम्हाला भावाच्या आलेखापेक्षा अशा कामांत अधिक दिसते.

पण येथेही मर्यादा तीच आहे, आणि ती शिक्षकांना कोणाहीपेक्षा लवकर पटेल. ग्रामीण महाराष्ट्रातील मागच्या पिढीत असंख्य माणसांची जन्मतारीख १ जून आहे. मुलाला शाळेत घालताना तारीख माहीत नसली, की गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. शाळेचे जनरल रजिस्टर जर ब्लॉकचेनवर असते, तर काय झाले असते? ती १ जून ही तारीख कोणालाही बदलता आली नसती, जगभर हजारो ठिकाणी तिची प्रत राहिली असती, आणि तरीही ती खरी झाली नसती. नोंद बदललेली नाही याची हमी गणित देते. नोंद मुळात खरी होती का, याची हमी फक्त ती नोंद करणारा देऊ शकतो.

जुन्या नोंदीला केवढे मोल येते हे मराठवाड्याने अलीकडेच पाहिले. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा शाळांची जुनी प्रवेश-निर्गम रजिस्टरेही तपासण्यात आली. कोणा मास्तरांनी अनेक दशकांपूर्वी टाकाने लिहिलेली एक ओळ आज एखाद्या कुटुंबाला महत्त्वाची ठरते. ती ओळ टिकावी, तिच्यात कोणी नंतर घुसडू नये, यासाठी साखळीचे तंत्र उपयोगी आहे. ती ओळ विचारपूस करून लिहिली जावी, यासाठी कोणतेही तंत्र नाही.

वर्गासाठी

नाकामोतोच्या निबंधाविषयी आमचा निष्कर्ष असा : खतावणीविषयीचा निबंध म्हणून तो पहिल्या प्रतीचा आहे, पैशाविषयीचा म्हणून अपुरा, आणि विश्वासाविषयी त्याने दिलेले आश्वासन पुरे झालेले नाही.

वर दिलेला ठशांचा खेळ आठवी-नववीच्या वर्गात एका तासात होतो. तो झाल्यावर पहिल्या पानावर मुद्दाम एक खोटी रक्कम लिहून पुन्हा करावा. सर्व ठसे बिनचूक जुळतील. मग मुलांना विचारावे : 'या वहीत आता खोटे कोठे आहे, आणि ते वहीकडे पाहून सापडेल का?' मोठ्या विद्यार्थ्यांना, आणि शिक्षकांच्या खोलीत नवी योजना घेऊन येणाऱ्या परिचितालाही, आणखी तीन प्रश्न विचारता येतील. किल्ली कोणाकडे राहणार? दरमहाचे पैसे नेमके कोणत्या उत्पन्नातून येणार, ते आकड्यांत मांडून दाखवाल का? आणि उद्या नाणी गेली तर दाद कोणाकडे मागायची? या तिन्हींची उत्तरे लेखी मिळेपर्यंत खिशात हात घालण्याचे कारण नाही.